सतरा नंबरचा निकाल

पाण्याची बाटली इथंच ठेवा. आपण जातोय तिथं प्लॅस्टिकची बाटली अजून कुणी पाहिलेली नाही, आणि त्यातलं लिटरभर स्वच्छ पाणी बघून पोरं तुमच्या मागं लागतील. मोबाइल, गॉगल, बिस्किटांचा पुडा, सगळं मागं राहू द्या. पायात चप्पल मात्र असू द्या, तेवढा लाड करू. आणि जुन्या घराच्या फडताळात पाच पैशांची चौकोनी नाणी सापडली तर ती खिशात टाका. नऊ-साडेनऊच्या सुमाराला लागतील.

तारीख 1 मे 1973, वार मंगळवार. सकाळचे साडेसहा वाजलेत आणि एसटी तुम्हाला फाट्यावर उतरवून धुरळा उडवत पुढं गेलीय. गाव सातारा जिल्ह्यातलं, माण तालुक्यातलं. नाव सांगत नाही, कारण असं गाव त्या उन्हाळ्यात खटावात, आटपाडीत, सांगोल्यात, जतमध्ये कुठंही सापडलं असतं. फाट्यापासून दीड-दोन मैल चालायचंय. किलोमीटरचे दगड रस्त्याकडेला लागलेत, पण माणसं अजून मैलच म्हणतात, तेव्हा आपणही मैलच म्हणू.

चालायला लागलात की पहिल्यांदा ध्यानात येतं ते हे, की सगळं गाव तुमच्या उलट दिशेनं येतंय. बायांच्या डोक्यावर पाटी, पाटीत चुंबळ आणि भाकरीचं फडकं, एखादीच्या काखेत तान्हं पोर. पुरुषांच्या खांद्यावर कुदळी, पहारी. कामावर निघालीत सगळी. कुठल्या शेतावर, असं विचारू नका. दोन वर्षं पाऊस तुटपुंजा झाला आणि गेल्या साली त्यानं तोंडच दाखवलं नाही. शेतात काम नाही. काम आहे ते सरकारी: पाझर तलाव, नालाबंडिंग, रस्त्याची खडी. या मे महिन्यात महाराष्ट्रभर सुमारे 50 लाख माणसं अशा दुष्काळी कामांवर आहेत. मुख्यमंत्री वसंतराव नाईक. रोजगार हमीचा कायदा व्हायला अजून चार वर्षं आहेत, पण त्याचं मूळ तुमच्या समोरून चालत येणाऱ्या या रांगेतच आहे.

रांग मुकी नाही. बाया मोठमोठ्यानं बोलतायत, एकमेकींची थट्टा करतायत. लग्नाचा विषय निघतो आणि तिथंच पडतो. अक्षय तृतीया चार दिवसांवर आलीय, पण यंदा गावात एकही मांडव नाही. एक बाई तुमच्याकडं बघून विचारते, ‘‘कुणाकडचं पावणं?’’ तुम्ही शाळेकडं हात करता. ती मान हलवते. शाळेकडं निघालेला पाहुणा म्हणजे साहेब असणार. साहेब म्हटल्यावर पुढं काही विचारायचं नसतं.

मोठ्यांची रांग संपली की पोरं दिसायला लागतात. माणदेशात मातीच्या टोपलीलाही पाटी म्हणतात आणि लिहायच्या दगडी पाटीलाही पाटीच. त्या सकाळी अर्धी पोरं एक पाटी घेऊन शाळेकडं चाललीत आणि अर्धी दुसरी पाटी घेऊन तलावाकडं. गोष्ट खरं तर एवढीच आहे. पण आलाच आहात, तर निकाल ऐकून जा.

शाळा म्हणजे दोन कौलारू खोल्या आणि पुढं पडवी. तिसरी-चौथी एका खोलीत, पहिली पडवीत, दुसरी पलीकडच्या मारुतीच्या देवळात. दुसऱ्या खोलीत कपाट, तक्ते, सुकडीचं पोतं आणि कोपऱ्यात पुढच्या पावसाळ्याच्या भरवशावर ठेवलेली जुनी कौलं. चार इयत्तांना शिक्षक दोन, एक गुरुजी आणि एक बाई. पाचवी शेजारच्या मोठ्या गावात. जिल्हा परिषदा सुरू होऊन आज बरोबर अकरा वर्षं झाली. 1 मे 1962 ला त्या आल्या, पण म्हातारी माणसं अजून लोकल बोर्डाची शाळाच म्हणतात.

आत पाऊल टाकलंत की खालची जमीन बघा. दरवर्षी निकालाच्या आदल्या दिवशी चौथीतल्या पोरी शाळा सारवतात. पोरींनीच का, हा प्रश्न 1973 साली कुणाला पडत नाही. यंदा सारवलेली नाही. पाण्याची ओढ आहेच, पण खरं कारण त्याहून साधं आहे: शेण नाही. जनावरं काही छावणीत गेली, काही बाजारात गेली, काही उरलीच नाहीत. भुईला पोपडे आलेत आणि पोरं बसायला आणलेल्या पोत्याच्या तुकड्याखालचे पोपडे बोटानं उकलत बसलीत. फळा मात्र काळाकुळकुळीत आहे. टॉर्चच्या संपलेल्या सेलातली काळी भुकटी आणि पाल्याचा रस घालून परवाच पोरांनी तो घासलाय. फळ्याच्या वर सुविचार आहे. तो जूनपासून बदललेला नाही.

साडेसातला झेंडा. बांबू कालच रोवलाय, झेंड्याची घडी गुरुजींनी रात्रीच बांधून ठेवलीय, आत कण्हेरीची फुलं. दुसरी फुलं गावात नाहीत. सरपंच वेळेवर आलेत, हे नवल, कारण त्यांनाही पुढं कामावर जायचंय. त्यांनी दोरी ओढली. घडी सुटली नाही. पुन्हा ओढली. तिसऱ्या हिसक्याला कण्हेरीच्या पाकळ्या सरपंचांच्या टोपीवर पडल्या आणि पहिलीतली पोरं खिदळली. गुरुजींनी नुसतं बघितलं, पोरं गप्प. राष्ट्रगीत झालं. राज्यगीत म्हणून वेगळं काही नाही, ते ठरायला 2023 साल उजाडावं लागेल. सरपंच बोलायला उभे राहिले आणि म्हणाले की महाराष्ट्र तेरा वर्षांचा झाला, आपल्या जिल्ह्याचे यशवंतराव दिल्लीत अर्थमंत्री आहेत, आणि टँकर परवा येईल. टाळी पडली ती तिसऱ्या वाक्याला.

आता रांगा बघा. दर वर्षी हात पुढं केला की बोटं पुढच्याच्या पाठीला टेकायची, इतकी दाटी असायची. आज हातभर, दोन हात, कुठं तीन हात मोकळं. गुरुजी रांगेच्या शेवटाकडं बघतात आणि काही बोलत नाहीत.

गुरुजींविषयी थोडं सांगतो, कारण निकालपत्रक त्यांच्या काखेत आहे. वय पन्नाशीचं. धोतर, कोट, काळी टोपी, कोटाच्या खिशात तपकिरीची डबी. ते देवमाणूस वगैरे नाहीत. दुपारी खुर्चीत त्यांची मान पडते. छडी ते सवयीनं वापरतात. त्यांच्या घरचं पाणी तिसरीतली पोरं भरतात. पाढे मात्र तिसापर्यंत पक्के करून घेतात आणि वर पावकी, निमकी, पाऊणकीही. नाणी दशमान होऊन सोळा वर्षं झाली, पावकीची गरज संपली, तरी त्यांनी सोडलेली नाही. वाईट अक्षर त्यांना खपत नाही आणि खोटं तर मुळीच खपत नाही, असा त्यांचा लौकिक आहे. हा लौकिक लक्षात ठेवा.

निकाल वाचायची तऱ्हा अशी. पहिलीपासून सुरुवात. गुरुजी हजेरी क्रमांक आणि नाव घेतात, एक श्वास थांबतात, मग ‘पास’ किंवा ‘नापास’. पास झालेल्यानं डावीकडं जायचं. नापास होईल त्यानं जागेवर बसून राहायचं. बसून राहणाऱ्यांत एक सहा वर्षांचं पोर आहे. त्याला अजून कळलेलं नाही काय झालं ते. पुढच्या जूनमध्ये याच पडवीत, याच पोत्यावर, नव्या पोरांबरोबर बसावं लागेल तेव्हा कळेल. पहिलीत नापास होणं तेव्हा सर्दीइतकं साधं होतं. 2009 चा शिक्षण हक्काचा कायदा येईपर्यंत पहिलीच्याच उंबऱ्याला ठेचकाळून किती पोरं परत फिरली, ते आज मोजणं अवघड आहे. नापास नसल्यानं पोरं शिकत नाहीत, अशी तक्रार आता सगळीकडं ऐकू येते. तक्रार करणाऱ्याला मी एकदा या पडवीत आणून बसवीन.

पास आणि नापासच्या मध्ये आणखी एक शब्द होता. तो कुठल्या सरकारी कागदावर नव्हता, पण गावात सगळ्यांच्या तोंडी होता: ढकलपास. मार्क कमी, पण गुरुजींनी वर ढकलला. ढकलपास पोराला वर्षभर चिडवायचे. तरी त्याची आई गुळाचा खडा वाटायची.

दुसरी झाली, तिसरी झाली. चौथीची पाळी आली.

‘‘पंधरा. पास.’’ एक पोरगी उठली.

‘‘सोळा. पास.’’

‘‘सतरा.’’

कुणी उठलं नाही. चौथीतल्या पोरांच्या माना एकमेकांकडं वळल्या. सतरा नंबर संक्रांतीपासून शाळेत आलेला नाही. वार्षिक परीक्षेला त्याची जागा रिकामी होती, हे सगळ्यांनी पाहिलंय. गुरुजींचा तो एक श्वास जरा लांबला. मग पत्रकावरून मान न उचलता ते म्हणाले, ‘‘पास.’’

एक पोरगा कुजबुजला, ‘‘त्यो तर पेपरालाच...’’ गुरुजींनी चष्म्यावरून बघितलं. वाक्य तिथंच राहिलं. दुसरीच्या रांगेतून एक बारकी पोरगी उठली, परकराचा काठ मुठीत धरून पुढं आली.

‘‘गुर्जी, दादा कामावं गेलाय. मी सांगती त्येला.’’

‘‘सांग. आणि दाखला न्यायला ये म्हणावं. उद्या.’’

मग पोत्यातली उरलेली सुकडी वाटली. तपकिरी, रवाळ, गुळचट. पोरं ती ओंजळीत घेतात आणि जिभेनं टिपत पुरवून खातात. तुम्हालाही बाईंनी चमचाभर दिली. चव बेतास बात आहे. त्या वर्षी जे पोर होतं ते आज साठीच्या घरात आहे. त्याच्यासमोर सुकडीचं नाव काढून बघा, घटकाभर बोलत राहतं. अमेरिकेतून आलेल्या तांबड्या मिलोच्या भाकरीबद्दल ते इतक्या प्रेमानं बोलत नाही. ती भाकरी थापताना तुटायची आणि खाताना अडकायची.

निकाल झाला, पण पोरं घरी जात नाहीत. नऊ वाजून गेलेत. शाळेमागं लिंबाचं झाड आहे, त्याची सावली अजून लांब पडलीय, आणि तिथं बाजार भरलाय. तुमच्या वयाच्या वाचकाला सांगायला नको, पण धाकट्यांसाठी सांगतो: निकालाच्या दिवशी जुनी पुस्तकं विकायची असतात. चौथी पास झालेला आपली पुस्तकं तिसरी पास झालेल्याला विकतो, तिसरीवाला दुसरीवाल्याला. छापील किमतीच्या निम्म्यानं. मुखपृष्ठ गेलं असेल तर त्याहून कमी. चित्रांतल्या माणसांना दाढीमिश्या काढल्या असतील तर घासाघीस. शेवटच्या पानावर गुणाकार सोडवले असतील तर विकणारा म्हणतो, उलट आयतं उत्तर मिळतंय. पुस्तकं बालभारतीची. पुण्यात 27 जानेवारी 1967 ला ही संस्था निघाली, पुढच्या वर्षी पहिलीचं पुस्तक आलं, आणि बघता बघता या लिंबाखाली तिच्या पुस्तकांचा जुना बाजार भरायला लागलाही. आता पुस्तकं शाळेतच फुकट मिळतात, ते चांगलंच आहे. बाजार मात्र गेला. पोराच्या आयुष्यातला पहिला सौदा त्या बाजारात व्हायचा आणि तो करायला मोठं माणूस जवळ नसायचं.

ती परकरवाली पोरगी दोन पुस्तकं छातीशी धरून उभी आहे. दादाची आहेत, चौथीची. तिला ती विकायचीत आणि त्या पैशात स्वतःसाठी तिसरीचं भाषेचं आणि गणिताचं घ्यायचंय. दादानं रात्री हिशेब पढवून पाठवलंय. पण गिऱ्हाईक हुशार निघालं. त्यानं पुस्तक उलटंपालटं केलं, भिजून फुगलेलं पान दाखवलं आणि ठरल्यापेक्षा कमी पैसे तिच्या हातावर ठेवले. ती गप्प बसली. आता तिसरीच्या गणिताला पंधरा पैसे कमी पडतायत.

काढा ती चौकोनी नाणी. तीन पुरेत. तिच्यापुढं धरा. ती घेत नाही. तुमच्या तोंडाकडं बघते, चपलांकडं बघते, आणि सकाळच्या त्या बाईच्याच सुरात विचारते, ‘‘तुमी कुणाकडचं पावणं?’’ तुमच्याकडं आताही उत्तर नाही. अनोळखी माणसाचे पैसे घ्यायचे नसतात, हे तिला दुष्काळानं विसरायला लावलेलं नाही. पण पुस्तक विकणाऱ्या पोराला असली काही अडचण नाही. तो तुमच्या तळहातावरून तिन्ही नाणी उचलतो, पुस्तक तिच्या हातात कोंबतो आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळतो. व्यवहार संपला.

पोरगी तलावाकडं निघाली. चला तिच्याबरोबर, मैलभरच आहे.

ऊन वर आलंय. वाटेत नदीचं पात्र लागतं. नदी नाही, पात्र. वाळूत पुरुषभर खोल झिरा खणलाय आणि तळाशी वाटी-वाटीनं पाणी भरत एक म्हातारी बसलीय. पोरगी थांबते, ओंजळभर पिते, पुस्तकं भिजू नयेत म्हणून ती आधी दूर वाळूवर ठेवते. म्हातारी तुम्हालाही पाणी देते. माती लागते दाताखाली. या दुष्काळाबद्दल पुढं माणसं एक गोष्ट हमखास सांगतील: तेव्हा पाणी कसंबसं मिळायचं, धान्य मिळायचं नाही, नंतरच्या दुष्काळांत धान्य होतं, पाणी नव्हतं. झिऱ्याकाठच्या म्हातारीला मात्र हा फरक आज पटणार नाही.

बांध लांबून दिसतो. त्याच्यावर मुंगळ्यांसारखी माणसं. जवळ गेलात की आवाज येतो: कुदळींचा, बांगड्यांचा, खडीवर पडणाऱ्या हातोड्यांचा. पुरुष माती खणतात, बाया पाट्या भरून बांधावर टाकतात. बाभळींना झोळ्या बांधल्यात, झोळ्यांत तान्ही पोरं, आणि झोका द्यायला पाच-सहा वर्षांची भावंडं. ती भावंडं पडवीतल्या पहिलीच्या पटावरची आहेत. सकाळच्या रांगांमधलं ते मोकळं अंतर तुम्हाला इथं भरलेलं दिसेल.

बांधाच्या टोकाला झाडाखाली मस्टर कारकून बसलाय. त्याच्यापुढंही हजेरी आहे. रेघोट्या त्याच, रकाने तसेच, फक्त इथं हजेरी लागली की संध्याकाळी चूल पेटते. दोन हजेऱ्या, गाव एक. ज्याचं नाव एकीत लागतं त्याच्या नावापुढं दुसरीत रिकामी जागा.

सतरा नंबर हा आहे. बारका, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, पाटी उचलून द्यायच्या जागी उभा. बहीण लांबूनच ओरडते, ‘‘दादाऽऽ, पास झालायस!’’

तो पाटी खाली ठेवत नाही. समोरच्या बाईच्या डोक्यावर ती नीट चढवतो, मग वळतो. ‘‘खोटं.’’

‘‘आईच्यान! गुर्जी म्हणालं सगळ्यांच्यात.’’

‘‘म्या पेपरच न्हाई दिलं.’’

आई रिकामी पाटी घेऊन बांधावरून उतरलीय. तिनं ऐकलं. तिला पेपरचं काही पडलेलं नाही, ती सरळ पुढच्या मुद्द्यावर येते. ‘‘चौथी पास झाला म्हंजी? शिपाई तरी लागंल का ह्यो?’’ शेजारची एकजण म्हणते, ‘‘तोवर सातवी पास मागत्याल.’’ हसू उठतं. मुकादम ओरडतो. पाट्या पुन्हा हलायला लागतात. आनंदाचा कार्यक्रम एवढाच.

त्याचं वय किती, असं आईला विचारा. ती सांगेल, ‘‘पानशेत फुटलं न्हाई का, त्येच्या आदल्या शिंगणापूरच्या जत्रंला झाला.’’ पानशेत फुटलं 12 जुलै 1961 ला, शिखर शिंगणापूरची जत्रा चैत्रात. म्हणजे पोरगा नुकताच बारा वर्षांचा झालाय. मस्टर कारकुनानं त्याचं वय चौदा लावलंय, कारण त्याखाली लावलं असतं तर कामावर घेता आलं नसतं. आणि शाळेच्या रजिस्टरात काय आहे ते बघायला आपल्याला परत फिरावं लागेल.

दुपार झालीय. शाळेत गुरुजी एकटे आहेत. टोपी काढून ठेवलीय, कोट खुंटीला. वर्ष मिटवायचं काम चाललंय: डेडस्टॉकच्या वहीतल्या खुर्च्या, घंटा, नकाशे, झाडूसुद्धा मोजायचे, उरलेले खडू डबीत भरायचे, तक्ते गुंडाळायचे. हे सगळं ते झपाट्यानं उरकतात. मग लाल रुमालात बांधलेलं जनरल रजिस्टर सोडतात, आणि तिथं त्यांचा हात सावकाश होतो.

त्यांच्या खांद्यावरून वाचा. सतरा नंबरचं नाव. पुढं जात, गाव. जन्मतारीख अंकी: 1 जून 1963. मग तीच अक्षरी, वळणदार अक्षरात. त्याच पानावर आणखी किती 1 जून आहेत ते मोजा; मोजता मोजता कंटाळाल. जूनमध्ये पोर दाखल करायला आई-बाप यायचे. तारीख कुणाला ठाऊक नसायची. मग गुरुजी पोराकडं बघून वर्षाचा अंदाज बांधायचे आणि 1 जून लिहायचे, म्हणजे सहा वर्षं नेमकी पुरी. हा पोरगा 1969 च्या जूनमध्ये आला तेव्हा आठ वर्षांचा होता, शेळ्या राखत होता, आणि अंगानं बारका होता. झाली त्याची सहा पुरी. महाराष्ट्रात त्या पिढीतल्या असंख्य माणसांच्या नोकऱ्या, निवृत्त्या आणि पेन्शनी अशा अंदाजावर उभ्या आहेत. शाळेत दहा, मस्टरवर चौदा, आईपाशी बारा. तिघांत बरोबर एकटी आईच, आणि तिचा कागद कुठंच नाही.

आता शेजारी उघडं पडलेलं निकालपत्रक बघा. सतरा नंबरपुढं भाषा 35, गणित 35, इतिहास-भूगोल 35, विज्ञान 35. सगळीकडं बरोबर पास व्हायला लागतात तेवढेच. एक मार्क वर नाही. खोटं लिहिताना गुरुजींनी एवढी काटकसर केलीय.

का लिहिलं, ते रजिस्टरच्या शेवटच्या रकान्यांकडं बघितल्यावर कळतं. तिथं ‘शाळा सोडल्याचा दिनांक’ आहे आणि त्याशेजारी ‘शाळा सोडण्याचे कारण’. या शाळेत चौथीच्या पुढं वर्गच नाही, म्हणजे सतरा नंबरच्या ओळीत आज ना उद्या काहीतरी लिहावंच लागणार. संक्रांतीपासूनच्या गैरहजेरीवर बोट ठेवलं तर नाव कमी करून ‘सतत गैरहजर’ लिहायचं. नियमानं तेच योग्य. मग मात्र तो पाचवीत जाऊ शकत नाही. पाऊस आला, काम सुटलं, तरी त्याला पुन्हा इथं चौथीत बसावं लागेल, धाकट्या पोरांबरोबर. तो बसणार नाही, हे गुरुजींना माहीत आहे. त्यांनी दौतीत टाक बुडवला आणि लिहिलं: ‘इयत्ता चौथी पास, पुढील शिक्षणासाठी.’ प्रगतीच्या रकान्यात ‘बरी’. वर्तणूक ‘चांगली’.

याला खाडाखोड म्हणायचं, की फसवणूक म्हणायचं? मी म्हणीन, खोटी नोंद आहे आणि ती केली हे बरं झालं. ज्यांना दप्तर चोख लागतं त्यांना हे पटणार नाही. त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की त्याच गुरुजींनी त्याच दुपारी हजेरीपटात संक्रांतीपासूनची एकही गैरहजेरी खोडलेली नाही. मार्क खोटे, हजेरी खरी. कुणी तपासायला बसलं असतं तर दोन्ही कागद शेजारी ठेवताच पकडले गेले असते. त्यांनी तो धोका तसाच उघडा ठेवला, रुमालाची गाठ मारली, तपकीर ओढली आणि कपाटाला कुलूप घातलं.

तुमची एसटी पाचला आहे. फाट्याकडं जाताना सकाळची रांग पुन्हा भेटेल, या वेळी गावाकडं वळलेली आणि गप्प. सतरा नंबर आईच्या मागून चाललाय. बहीण तिसरीचं गणित उघडून चालता चालता चित्रं बघतेय. तिला ठेच लागली तरी पुस्तक मिटत नाही. त्या वर्षी पुढं पाऊस चांगला झाला. शाळा नेहमीसारखी जूनमध्ये उघडली.

तुम्ही परत आला असाल, तर एक काम आहे. तुम्ही किंवा तुमचे वडील, आजी, आत्या ज्या जिल्हा परिषदेच्या शाळेत गेले, तिथं ते जनरल रजिस्टर अजून असणार. ते कायम जपायचं दप्तर आहे. हल्ली लोक ते उघडायला सांगतात ते जातीच्या रकान्यासाठी. पडताळणीला निर्गम उतारा लागतो, आणि अलीकडं तर कुणबी नोंदी शोधायला गावोगावची रजिस्टरं धुंडाळली गेली. तुम्ही गेलात तर तिथून शेवटच्या रकान्यांपर्यंत पुढं सरका. 1972 ते 1974 ची पानं काढा आणि ‘शाळा सोडण्याचे कारण’ वाचा. किती जणांपुढं ‘सतत गैरहजर’ आहे, किती जणांपुढं नाही, हे मोजून ठेवा. गावच्या दुष्काळाचा असा हिशेब दुसऱ्या कुठल्या वहीत नाही. जून उजाडल्यावर, पटनोंदणीची गडबड ओसरली की मुख्याध्यापकांना भेटा. आणि जाताना दोन हात लाल कापड घेऊन जा. जुना रुमाल बहुतेक ठिकाणी फाटलेला असतो.